मिरजेचे चाचा, तंबोऱ्याची जवारी आणि बेकेशी

कृष्णातीर (सांगली)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून काढते. थोडं लांबेल.

माझ्याकडे दोन तंबोरे आहेत. दोन्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले. पंचवीस वर्षं त्यांची जवारी एकाच माणसाने काढली. (तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तार तिला हलकेच घासून झंकारावी म्हणून तिचा माथा घासणं, म्हणजे जवारी काढणं.) त्यांचं नाव इथे लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. घोडीवर कानस अशी फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं, नुसता हात फिरवला. मग तारेखालचा दोरा सरकवतात, तार छेडतात, मान किंचित वाकडी करतात, आणि खर्जातून गांधार डोकवायला लागतो.

गेल्या दिवाळीनंतर मोठा तंबोरा जवारीसाठी दिला. घरी आणून लावला तर आवाज पत्र्यासारखा. जवारी एवढी उघडी की षड्ज ऐकू येण्याआधी झणझण कानात शिरायची. परत नेला. चाचांनी पुन्हा काढली, आणि ती आणखी उघडी झाली. वर "आता कशी गोल लागली बघा बेटा" म्हणाले. मी गप्प बसले. मला त्यांना सांगताच येईना. महिन्याभराने सांगलीतल्याच दुसऱ्या एका गायनशिक्षकांनी हेच सांगितलं, तेव्हा मी चाचांच्या मुलाशी बोलले. तो हळूच म्हणाला, "आब्बांना वरचं येत नाही आता. गिऱ्हाईक साठ म्हणतं, आब्बांना आठ ऐकू येतं."

त्यांना घेऊन कान तपासायला मी आणि मुलगा दोघं गेलो. ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या आलेखाची रेघ (जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं) १००० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट, २००० ला उतरलेली, ४००० ला थेट ६० डेसिबलवर आणि ८००० ला त्याच्याही खाली. दोन्ही कानांची जवळजवळ सारखी. "वयोमानाने होतं" एवढं सांगून आम्हाला पाठवलं. रिक्षात चाचांनी मला विचारलं, "बेटा, खर्ज तर मला पहिल्यासारखा येतो. मग वरचंच का गेलं? कान तर एकच आहे ना?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला लागले आणि गेऑर्ग फॉन बेकेशी या माणसापाशी पोचले. दोन महिने त्याच्याबद्दलच वाचते आहे.

बेकेशी १८९९ मध्ये बुडापेस्टला जन्मला. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. १९२३ पासून हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीला. तिथे त्याच्यापुढे प्रश्न आला तो व्यवहाराचा होता: टेलिफोनची यंत्रणा कुठे सुधारली तर पैसा सत्कारणी लागेल? त्यासाठी आधी हे कळायला हवं होतं की ज्या कानासाठी हा सगळा खटाटोप, तो किती चांगला आहे. बेकेशीने कानाचा पडदा आणि टेलिफोनचा पडदा यांची तुलना केली. कान कितीतरी सरस निघाला. तिथून तो कानात शिरला आणि पुढची पन्नासेक वर्षं बाहेर आलाच नाही. १९६१ चं शरीरक्रियाशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं.

त्याच्या आधी चालत होती ती हेल्महोल्ट्झची कल्पना, १८६३ च्या सुमाराची. आतल्या कानात शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी असते, कॉक्लिया. तिच्यात लांबीभर एक पडदा असतो, बॅसिलर पडदा. हेल्महोल्ट्झचं म्हणणं असं की या पडद्यात ताणलेल्या तारांसारखे आडवे धागे आहेत, प्रत्येकाचा सूर ठरलेला, तो सूर बाहेर वाजला की तेवढाच धागा थरथरतो. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि चाचांना फोन लावला. कारण ही तर सतारीची तरफ! वरची तार छेडायची आणि खालची जुळलेली तार आपोआप बोलायची. चाचांना एका वाक्यात समजलं. म्हणाले, "मग माझ्या वरच्या तरफा तुटल्या म्हण."

पण बेकेशीने दाखवलं की कानात तरफ नाही. मृत माणसांच्या कानशिलाचं हाड घेऊन, ते सुकू नये म्हणून पाण्याखाली ठेवून, स्वतः बनवलेल्या इवल्याशा कात्र्या-पात्यांनी त्याने कॉक्लिया उघडली. पडद्याला बारीक छेद दिला. ताणलेली तार कापली की टोकं फटकन लांब जातात. इथे काठ जागचे हलले नाहीत. केसाच्या टोकाने पडदा दाबला तर खळगा जवळपास गोल पडला. ताण एकाच दिशेने असता तर तो लांबट पडला असता. म्हणजे पडदा ताणलेला नाहीच. तो एका टोकाला अरुंद आणि ताठ, दुसऱ्या टोकाला रुंद आणि लवचीक आहे, एवढंच.

मग त्याने आतल्या पातळ पडद्यावर चांदीचे कण भुरभुरले, लुकलुकणाऱ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि आवाज सोडला. जी हालचाल दिसली ती एखाद्या दोरीला झटका दिल्यावर पुढे सरकणाऱ्या लाटेसारखी होती. लाट नळीच्या दाराशी सुरू होते, फुगत जाते, एका जागी सर्वात उंच होते आणि लगेच विरते. उंच सुराची लाट दाराशीच संपते. खर्जाची लाट नळीच्या टोकापर्यंत, अगदी आतल्या वेटोळ्यापर्यंत पोचते. ही नळी उलगडली तर केवढी? साधारण ३५ मिलिमीटर. आपला अख्खा सूरसंसार तेवढ्यात.

म्हणजे चाचांचा कान एकच असला तरी त्यात प्रत्येक सुराची जागा वेगळी. दाराजवळची जागा झिजली, आतली शाबूत आहे. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझे दोन प्रश्न. दाराजवळचीच जागा आधी का जाते? आणि चाचांना पुन्हा जवारी काढता यावी यासाठी काय करता येईल? इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

---

अनाहत (विश्रामबाग, सांगली)

ताई, धागा वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो. तरफेची उपमा उद्याच वर्गात वापरणार आहे.

थोडी भर. बेकेशीच्या टेलिफोनच्या दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते. लांबच्या तारमार्गाची प्रत तपासायला तेव्हा एकेक कंप्रता सोडून मोजमाप करत बसायचे. बेकेशी संगीतात वाढलेला. त्याच्या लक्षात आलं, वादक तार जुळली का हे पाहताना ती नुसती छेडतो आणि कान देतो. मग त्याने तारमार्गात एक 'टिक' सोडायची आणि ती कशी ऐकू येते ते ऐकायचं असं सुरू केलं. छेडलेल्या तारेत सगळं आलेलं असतं, हे चाचांना कुणी शिकवायला नको.

आणि जवारीबद्दल. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. साध्या तारेचा नियम असा की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम स्वरांश (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट, सहापट उंचीचे सूर) निघायला नकोत, कारण त्यांचे स्थिर बिंदू तिथेच पडतात. रामन यांना तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू आले. कारण घोडीचा माथा सपाटसर, किंचित उताराचा. तार त्यावर टेकते-सुटते, टेकते-सुटते, आणि प्रत्येक वेळी वरच्या स्वरांशांना नव्याने धक्का मिळतो. दोरा त्या टेकण्याची जागा ठरवतो.

हे घरी करून बघता येतं. पहिल्या तारेखालचा दोरा काढा, तार सहज घोडीला घासणार नाही अशी करा, मध्यावर छेडा. मग दोरा घालून छेडा. मोबाइलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात. नववीच्या मुलांकडून करून घेतलं आहे. वर्ग अक्षरशः उठून उभा राहिला होता.

---

तळटीप

लेख छान आहे, पण एक गोष्ट खटकते. बेकेशीने मेलेले कान तपासले. सूक्ष्मदर्शकाला हालचाल दिसावी म्हणून आवाजही प्रचंड मोठा सोडला. त्याला दिसलेली लाट पसरट होती, शिखर बोथट. इतक्या बोथट शिखरावरून कोमल गांधार आणि शुद्ध गांधार वेगळे कसे कळणार? श्रुती, म्हणजे स्वरांमधली आणखी बारीक अंतरं, तर दूरच. मग ज्याला नोबेल मिळालं ते उत्तर अर्धवटच नाही का? मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

---

अजिंक्यतारा (सातारा)

तळटीप, प्रश्न अचूक आहे आणि या विषयाचा सगळा पुढचा इतिहास त्याच प्रश्नात आहे. मी श्रवणतज्ज्ञ आहे, साताऱ्यात काम करते. सावकाश लिहिते.

बेकेशीलाही तो बोथटपणा दिसत होता. त्याने सुचवलं की धार पुढे, मज्जातंतूंत येत असावी. ते पटवायला त्याने एक प्रतिकृती केली. पाण्याने भरलेली नळी, वर लांब चीर, चिरेवर पडदा. पाणी एका टोकाने हलवायचं आणि पडद्यावर कोपरापासून मनगटापर्यंत हात ठेवायचा. लाट हाताच्या पूर्ण लांबीभर सरकते. पण माणसाला ती जाणवते दोन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात. कंप्रता बदलली की तो पट्टा हातावर सरकतो. म्हणजे शेजारच्या जागांची जाणीव मेंदू दाबतो आणि शिखर तेवढं ठेवतो. कातडीचा कान केला त्याने! मला हा प्रयोग त्याच्या सगळ्या कामात सुंदर वाटतो.

पण कानापुरतं खरं उत्तर वेगळं निघालं. १९७१ मध्ये विल्यम ऱ्होड यांनी जिवंत माकडाच्या कानात मोजलं. शिखर खूप टोकदार होतं, आणि बारीक आवाजाला कान जास्त वाढवत होता, मोठ्याला कमी. प्राणी मेला की ही धार नाहीशी. म्हणजे बेकेशीची लाट खरीच होती, पण त्याला दिसला तो विझलेला दिवा. जिवंत कान लाटेत स्वतःची ताकद घालतो.

ही ताकद बाहेरच्या केसपेशींची. कॉक्लियात आतल्या केसपेशी साधारण ३,५०० आणि बाहेरच्या साधारण १२,०००. आतल्या मेंदूला खबर देतात. बाहेरच्या मात्र आवाजाबरोबर आपली लांबी कमी-जास्त करतात आणि लाटेला झोका देतात. झोपाळ्यावरच्या पोराला बरोबर वेळेला हात लावावा तसा. पेशींची लांबी विजेने बदलते हे विल्यम ब्राउनेल यांनी १९८५ मध्ये दाखवलं. ते घडवणारं प्रथिन २००० मध्ये सापडलं. त्याचं नाव प्रेस्टिन, पाश्चात्त्य संगीतातल्या 'प्रेस्टो' वरून, म्हणजे आपली द्रुत लय.

आता कृष्णातीर, तुमचा पहिला प्रश्न. बाहेरच्या केसपेशी नाजूक असतात, आणि दाराजवळच्या सर्वात नाजूक. वय, मोठा आवाज, काही औषधं, सगळ्यांचा पहिला मार तिथेच बसतो. माणसात त्या परत उगवत नाहीत. (कोंबडीत उगवतात! १९८० च्या दशकाच्या शेवटी हे कळलं आणि तेव्हापासून जगभर लोक कोंबडीच्या कानाकडे आशेने बघताहेत.)

चाचांना फक्त बारीक ऐकू येईनासं झालेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. झोका देणाऱ्या पेशी गेल्या की शिखराची धार जाते. म्हणून त्यांना जवारीतले वरचे स्वरांश कमी येतात, आणि जे येतात तेही एकमेकांत मिसळलेले. स्वतःच्या कानाला पूर्वीसारखी जवारी लागेपर्यंत ते घोडी घासत राहणार. आपल्याला ती पत्र्यासारखी लागते, त्यांच्यासाठी ती कुठे जराशी फुललेली असते. त्यांनी काही चूक केली नाही. उलट त्यांना आठवणारा सूर इतका पक्का आहे की ते तिथपर्यंत ओढत नेताहेत.

यंत्राबद्दल उद्या लिहिते. रुग्ण थांबलेत.

---

कृष्णातीर

तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी मिरजेला जाऊन चाचांना वाचून दाखवते.

---

कासपठार (सातारा)

विषय सोडून नाही, पण माझ्याजवळचा आहे. माझ्या मुलीची जन्मानंतर तिसऱ्या दिवशी कानाची तपासणी झाली. कानात छोटं बोंडूक घालतात, दोन मिनिटांत निकाल. तिच्या उजव्या कानाचा निकाल 'पुन्हा तपासा' आला. महिनाभर घरात कुणाला झोप नव्हती. सासूबाई पाळण्याशी घंटी वाजवून बघायच्या. दुसऱ्या वेळी सगळं ठीक निघालं. पण झोपलेल्या तीन दिवसांच्या बाळाला काही न विचारता त्याला ऐकू येतं की नाही हे यंत्राला कसं कळतं, ते मला आजवर कुणी सांगितलं नाही.

---

अजिंक्यतारा

कासपठार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वरच्या गोष्टीतच आहे. झोका देणाऱ्या पेशी लाटेत ताकद घालतात, तर त्यातली थोडी लाट उलटीही परतते. तीच वाट, उलट दिशेने. नळीतून मधल्या कानाच्या तीन हाडांना (रिकीब, ऐरण, हातोडी), कानाच्या पडद्याला, आणि बाहेर. म्हणजे निरोगी कान आवाज ऐकतो तसा अगदी क्षीण आवाज काढतोसुद्धा! असं काही असायला हवं हे थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये सांगितलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो आवाज प्रत्यक्ष पकडला. तुमच्या बाळाच्या कानातल्या बोंडकात बारीक स्पीकर आणि बारीक माइक होता. स्पीकरने टिक-टिक केलं, माइकने कानाचं उत्तर ऐकलं.

पहिल्या दिवसांत कानाच्या नळीत जन्मावेळचा चिकट थर असतो, मधल्या कानात पाणी असू शकतं. तेवढ्याने उत्तर बाहेर येत नाही. म्हणून 'पुन्हा तपासा' म्हणजे 'बहिरं' नव्हे. हे वाक्य प्रत्येक आईला तिथल्या तिथे सांगायला हवं. आणि उलट बाजूने, पुन्हा तपासायला सांगितलं तर टाळू नका. घंटीवर विसंबू नका, बाळं हालचालीलाही दचकतात.

---

शल्यक (मिरज)

मी कान-नाक-घसा शिकणारा डॉक्टर. बेकेशीची गोष्ट आमच्या एका सरांनी सांगितली होती. टपाल खात्याच्या कार्यशाळेतल्या ड्रिलवर तो कानशिलाची हाडं कोरायचा. सकाळी कामगार यायचे तर यंत्रावर हाडाचा भुगा. त्यांची कुरकुर स्वाभाविक होती.

आम्हीही आज हाडावरच शिकतो. कानशिलाचं हाड माणसाच्या शरीरातलं फार टणक हाड, त्यात चेहऱ्याची नस, तोल सांभाळणाऱ्या नळ्या, कॉक्लिया, सगळं इंच-दीड इंचात दाटलेलं. जिवंत माणसाला हात लावण्याआधी देहदानातून आलेल्या हाडावर तासन्‌तास कोरावं लागतं. सुरुवातीला माझ्याकडून नस कापली जायची. आता नाही जात. ज्यांनी देह दिले त्यांची नावं आम्हाला माहीत नसतात. कोरायला बसण्याआधी मी दर वेळी हात जोडतो.

---

टर्बाइन (वाळवा तालुका)

साखर कारखान्यात वीस गळीत हंगाम काढले. आमच्या सगळ्यांचा आलेख चाचांसारखा नाही. आमचा ४००० ला खड्डा पडतो आणि ८००० ला रेघ थोडी वर येते. असं का? आणि दुसरं म्हणजे, कारखान्यात निदान कानात बोळे तरी देतात. गणपतीत डीजेच्या भिंतीपुढे आमचीच पोरं चार-चार तास नाचतात, त्यांना कोण सांगणार? मागच्या वर्षी माझ्या पुतण्याच्या कानात तीन दिवस शिट्टी वाजत होती. तो हसण्यावारी नेतो. मला भीती वाटते.

---

अनाहत

पहिल्याचं भौतिकशास्त्र मी सांगतो. कानाचं भोक ते पडदा ही एका बाजूने बंद नळी, साधारण अडीच सेंटीमीटर लांब. अशा नळीचा स्वतःचा सूर ३००० ते ३५०० हर्ट्झच्या आसपास येतो. बासरीची एक इवली नळी कानात बसवलेलीच आहे म्हणा. त्या पट्ट्यातला आवाज पडद्यावर जास्त जोराने आदळतो आणि इजा त्याच्या जरा वर, ४००० च्या आसपास दिसते.

---

अजिंक्यतारा

बरोबर. कारखाना, डीजे, फटाके, सगळ्यांचा खड्डा तिथेच. पुढे वय त्यात भर घालतं आणि खड्ड्याची दरी होते.

पुतण्याची शिट्टी हा कानाने दिलेला इशारा आहे. दोन दिवसांनी ऐकू यायला लागलं म्हणून सगळं भरून आलं असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. १०० डेसिबलपाशी हा वेळ अर्ध्या तासाच्याही खाली येतो, तोही अख्ख्या आठवड्याचा! भिंतीपुढे त्याहून जास्त असतं. आपल्याकडे २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. पण तुमच्या पुतण्याला नियम सांगू नका. त्याला माझ्याकडे घेऊन या. त्याचा आलेख त्याच्या हातात देते. तरुण पोरं स्वतःची रेघ बघितली की बोळे वापरतात, हा माझा अनुभव आहे.

---

जुनी_तार (मिरज)

कृष्णातीरताई, चाचा कोण ते ओळखलं, पण बोलत नाही.

आपल्या भागाचं या विषयाशी नातं जुनं आहे, ते कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, नाटककार गोविंद बल्लाळांचे बंधू, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. गाणाऱ्याचे स्वर तारेच्या लांबीवर मोजायचे, गणित मांडायचं, असं ते काम. आणि गायला कोण? किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे खूप वाद झाले, संगीतशास्त्रकार भातखंड्यांनाही ते पटले नाहीत. पण बेकेशी शाळेत होता त्या काळी आपल्या सांगलीत एक माणूस कान आणि गणित एकत्र बसवत होता, याचा मला अभिमान आहे. खाँसाहेब १९३७ ला गेले, मिरजेच्या दर्ग्यातच विसावले. दरवर्षी उरुसात तिथे गाणं होतं, आणि ज्या तंबोऱ्यांवर होतं ते गल्लीतलेच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

एक प्रश्न आहे. मोबाइलवरच्या तंबोऱ्याचा खर्ज मला चक्क ऐकू येतो. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघेल कसा?

---

अनाहत

निघत नाही! सा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला तर खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरला तो जवळजवळ काढताच येत नाही. त्यातून येतात १३९, २०८, २७७, ३४६ असे त्याचे स्वरांश. (३४६ पाचवा, तोच तुमचा स्वयंभू गांधार.) या सगळ्यांमधलं अंतर ६९. मेंदू त्या अंतरावरून गायब खर्ज स्वतः उभा करतो. आउगुस्ट झेबेक या शास्त्रज्ञाने १८४१ मध्येच हे सायरनवर दाखवलं होतं, आणि हेल्महोल्ट्झच्या तरफेला ते कधीच पचलं नाही.

जुना टेलिफोन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ पाठवायचा. पुरुषाच्या आवाजाचा पाया १२० च्या आसपास. तो तारेतून यायचाच नाही, तरी बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा.

तळटीप, तुमच्या प्रश्नाचा आणखी एक पैलू इथे आहे. बेकेशीने सुराची जागा दाखवली. पण ६९ च्या जागी लाटच नसताना सूर ऐकू येतो, म्हणजे नुसती जागा पुरत नाही. ठोक्यांचा काळही मोजला जातो.

---

तळटीप

समजलं. दोघांचेही मनापासून आभार. 'अर्धवट' हा शब्द मागे घेतो. त्याने जेवढं पाहिलं तेवढं डोळ्यांनी पाहून सांगितलं, आणि पुढच्यांना कुठे बघायचं ते कळलं.

---

अजिंक्यतारा

कृष्णातीर, यंत्राबद्दल. चाचांनी श्रवणयंत्र लावावं, आणि लावताना सांगावं की मी जवारी काढतो. हे न सांगितल्याने कलावंतांचे फार हाल होतात. यंत्रं बोलण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गोंगाट, असं समजून ती तो दाबतात. तंबोरा एकसारखाच चालतो! शिवाय यंत्राची स्वतःची शिट्टी थोपवणारी सोय असते, ती लांबलेल्या सुराला शिट्टी समजते आणि सूर थरथरवते. म्हणून संगीतासाठी वेगळा कार्यक्रम करून घ्या: गोंगाट दाबणं बंद, शिट्टी थोपवणं कमीत कमी, मोठ्या आवाजाला यंत्र गुदमरणार नाही एवढी मोकळीक. एका फेरीत जमणार नाही. तंबोरा बरोबर घेऊन जा.

आणि यंत्राने गेलेली धार परत येणार नाही, आवाज वाढेल फक्त. त्यांना हे आधीच सांगा.

---

कृष्णातीर

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

यंत्र घेतलं. पहिल्या दिवशी चाचांनी ते तासाभरात काढून ठेवलं. तंबोरा पाण्याखालून वाजतोय म्हणाले. अजिंक्यताराताईंनी लिहिलेलं तसंच्या तसं दाखवून दुसरा कार्यक्रम करून घेतला. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी लहान तंबोरा रिक्षात घालून नेला. तिथल्या मुलीने पहिल्यांदाच तंबोरा हातात घेतला असावा, पण तिने मनापासून तास दिला.

दुकानात आता असं चालतं. चाचा यंत्र लावून बसतात. नात, वय चौदा, समोर बसते. चाचा कानस मारतात, तार चढवतात, छेडतात आणि डाव्या हाताचं बोट भोपळ्यावर टेकवून ठेवतात. (बेकेशीचा हातावरचा प्रयोग मी त्यांना सांगितला होता. "मी तर पन्नास वर्षं हेच करतोय" म्हणाले.) मग नातीकडे बघतात. ती "अजून उघडी" किंवा "आता मिटली" एवढंच सांगते. आधी तिला शब्द सापडत नव्हते, नुसता चेहरा वाकडा करायची. चाचांनी तिला जुन्या, त्यांच्या चांगल्या दिवसांत जवारी काढलेल्या एका तंबोऱ्यासमोर आठ दिवस बसवलं. हा ऐक, याच्यासारखं झालं की सांग.

परवा माझा मोठा तंबोरा परत आला. खर्ज लावला आणि मी बराच वेळ गायलेच नाही. गांधार पूर्वीसारखा, हळूच, मागून आला. पंचमही बरोबर आहे. जोडीच्या दुसऱ्या तारेला अजून थोडी धार आहे. या वेळी मी गप्प बसले नाही, चाचांना फोन करून सांगितलं. त्यांनी नातीला विचारलं, ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, आब्बाजी घाईत होते." गुरुवारी पुन्हा मिरजेला नेणार आहे.